देशाचा रकाना

चहा घेणार का विचारलं की माणूस हो म्हणतो, नाहीतर नको म्हणतो. आमचे काका म्हणायचे, "प्रस्ताव विचाराधीन आहे." मग हातातला अर्ज पुरा झाला की स्वतःच माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "प्रस्तावाचं स्वागत आहे." तोवर चहा गार ढोण. मी रोज वैतागायची आणि रोज तो चहा दुसऱ्यांदा गरम करून द्यायची.

रोह्याला सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दुकानाच्या पुढच्या पत्र्याखाली काकांचं टेबल असायचं. काका अर्ज लिहून द्यायचे. वारसाची नोंद, रेशनकार्डातलं नाव, उत्पन्नाचा दाखला, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त म्हणजे पासपोर्ट. इथून शेजारच्या अष्टमी गावापर्यंत बघा, घराआड एक माणूस आखातात आहे. काका आधी कुठल्या तरी सरकारी खात्यात कारकून होते. कुठल्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "प्रशासनात." राहायला पेणला, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत, दोन खोल्यांत एकटे. सकाळच्या एसटीने यायचे, पाचच्या एसटीने जायचे. शर्टाच्या खिशाला रंगाचा एखादा शिंतोडा असायचाच, शेजारच्या कारखान्यातून उडालेला. तो ते धुवायचे नाहीत.

बाजारात त्यांना 'परराष्ट्र' म्हणायचे. म्हणजे तोंडावर काका, आणि पाठ फिरली की "ते परराष्ट्र आलंय काय आज?" याला कारण होतं. पेपरातलं फक्त परदेशांचं पान ते वाचायचे. बाकीचा पेपर घडी करून मला. गावात खून पडला, पूल वाहून गेला, तरी त्यांना ते तिसऱ्या दिवशी माझ्याकडून कळायचं. पण संयुक्त राष्ट्रात कुठल्या ठरावावर आपण कोणाच्या बाजूने मत दिलं, कुठे विरोधात दिलं, कुठे गप्प बसलो, हे सगळं एका शाळेच्या वहीत तारीखवार लिहिलेलं. मी एकदा म्हटलं, "काका, याचं लोणचं घालायचंय का?" तर गंभीरपणे म्हणाले, "बाई, मत न देणं हेही मतच असतं. ते लिहून ठेवलं नाही तर लोक विसरतात."

आमच्या सासूबाईंचं आणि माझं एकदा असं वाजलं की दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलेना. मी दुकानात येऊन काकांपुढे सगळं ओकले. त्यांनी ऐकून घेतलं, टोपणाने कपाळ खाजवलं आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा, असं आमचं आवाहन आहे." मी म्हटलं, "अहो, पण चूक कोणाची ते तरी सांगा!" तर म्हणे, "आमचे दोघींशीही मैत्रीचे संबंध आहेत." आहेतच ना! सासूबाई त्यांना दर सोमवारी घावने पाठवायच्या. माझं डोकं असं फिरलं त्या दिवशी! आणि संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई म्हणतात, "तुझे काका येऊन गेले गो. एसटी चुकवली त्यांनी." काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही. भांडण मात्र मिटलं.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र तो माणूस लोखंड होता. आमची कामाची एक रीत ठरलेली. अर्ज आधी काका कागदावर लिहिणार, शाईच्या पेनाने, एकेक अक्षर सुटं. मग मी तो कॉम्प्युटरवर उतरवणार. मग काका चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावणार आणि कागदाशी ताडून बघणार, अगदी पिनकोडपर्यंत. त्यांनी मान हलवली की मी बटण दाबणार. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मान हलल्याशिवाय बटण नाही. आणि रकाना रिकामा सोडायचा नाही. लागू नसेल तिथे तिरकी रेघ. "रिकाम्या जागेत पुढे कोणी काहीही लिहितं," म्हणायचे.

एकदा एक पुढारी आला होता, भाच्याच्या वयात दोन वर्षं कमी करून हवी होती, नोकरीसाठी. काका नाही म्हणाले. तो म्हणाला, "तुला काय करायचंय? सही माझी असेल." काका म्हणाले, "अक्षर माझं असेल." त्याने टेबल उचलून गटारात टाकलं. अख्खा रस्ता बघत होता. काकांनी टेबल बाहेर काढलं, माझ्याकडून बादलीभर पाणी घेतलं, धुतलं, पुसलं आणि परत बसले. मला म्हणाले, "निषेध नोंदवला आहे." मला हसावं की रडावं कळेना. त्याच दिवशी चहा पिताना त्यांनी सांगितलं की ज्याच्या हातून एक खोटी नोंद गेली त्याने टेबल उचलून घरी जावं. दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघू नये. असलं ते बऱ्याचदा बोलायचे. मी तेव्हा फार लक्ष दिलं नव्हतं.

मग नसीम आली.

नसीम अष्टमीची. नवरा आखातात एका कंपनीत फिटर. परांचीवरून पडला, पायाचा चेंदामेंदा झाला, तिथल्या हॉस्पिटलात होता. पाय ठेवायचा की कापायचा यावर डॉक्टरांचं चाललेलं. घरच्या एका माणसाला बोलावून घेतो, व्हिसाचं आम्ही बघतो, असं कंपनी म्हणाली. घरचं म्हणजे नसीमच. सासू-सासरे नाहीत, मूल नाही. आणि नसीमकडे पासपोर्ट नव्हता. होता तो लहानपणचा, कधीचा संपलेला.

"तो फोनवर एकच बोलतो," ती म्हणाली, "तू ये, तू आलीस तर मी त्यांना पाय कापू देणार नाय." तिचा चाचा सोबत होता, पांढरी दाढी, आवाज मोठा. काकांनी तिला बसायला स्वतःचा स्टूल दिला आणि आपण उभ्याने लिहायला लागले. नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव. जन्मस्थान?

"जेरुसलेम," नसीम म्हणाली.

काकांचं पेन थांबलं. मी झेरॉक्सच्या मशीनपाशी होते, मीसुद्धा थांबले.

तर झालेलं असं, की तिचा बाप तरुणपणी तिकडे होता. त्या शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत आपल्याकडच्या यात्रेकरूंसाठी एक मुसाफिरखाना होता, तिथे स्वयंपाकी. आईला पण घेऊन गेला. नसीम तिथे जन्मली, तीन वर्षांची असताना सगळे परत आले. तिच्याकडे आपल्या वकिलातीचा शिक्का मारलेला एक कागद होता, जन्माच्या नोंदीचा, घड्यांवर फाटलेला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यात जन्मस्थान म्हणून फक्त शहराचं नाव होतं. जुन्या पासपोर्टातही तेवढंच. देशाचं नाव कुठेच नाही.

"शहाणा माणूस," काका हळूच म्हणाले.

"कोण?" मी विचारलं.

"ज्याने हे लिहिलं तो."

पण आताच्या ऑनलाइन अर्जात जन्म परदेशात झाला असेल तर देश निवडावाच लागतो. काकांनी कागदावर बाकी सगळं लिहिलं आणि देशाच्या रकान्यापाशी येऊन पेन उचललं.

चाचा म्हणाला, "फलस्तीन लिवा. पोरगी जुन्या शहरात जन्मली, पाक जागा ती."

रांगेत एक जण उताऱ्याच्या झेरॉक्सला उभा होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "नकाशात इस्रायल हाय, तर इस्रायल लिहा. त्यात विचार कसला?"

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. तिकडे लढाई चाललेली, आणि इकडे आमच्याकडे मोबाइलच्या स्टेटसवरून बोलाचाली होत होत्या. एरवी एकमेकांच्या लग्नात वाढायला उभी राहणारी माणसं रस्त्यात मान वळवत होती. तर त्या दोन वाक्यांवर माझ्या दुकानापुढे आठ-दहा माणसं गोळा झाली. चाचाचा आवाज चढला, उतारावाल्याचा त्याहून चढला. "तुमच्या सांगण्यावरून चालतो काय देश?" "मग तुमच्या चालतो?" एकाने मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मधोमध स्टुलावर नसीम, मान खाली. तिला कोणी काही विचारतच नव्हतं.

काकांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यावर सगळे गप्प झाले, कारण टोपण लावताना काका कधी दिसायचे नाहीत.

"ऐका," ते म्हणाले. "पॅलेस्टाईनला आपल्या सरकारने देश म्हणून केव्हाच मान्यता दिली आहे. इस्रायलशीही आपली मैत्री आहे, तिथे आपली वकिलात आहे. पण ते शहर कोणाचं, यावर सरकार बोलत नाही. त्या दोघांनी बसून ठरवावं, म्हणतं. एका मोठ्या देशाने ते एकाचंच असं जाहीर केलं, तेव्हा आपण त्याच्या विरोधात मत दिलं, आणि मत देऊन गप्प बसलो. माझ्या वहीत आहे. जे दिल्लीने लिहिलं नाही ते रोह्याच्या बाजारात ठरणार नाही. चला, उन्हात उभे राहू नका."

माणसं पांगली. चाचा मात्र पुटपुटत राहिला. त्याला खरी भीती वेगळीच होती. कंपनीच्या तिकडच्या एजंटाने फोनवर सांगितलेलं की पासपोर्टवर इस्रायल छापलं गेलं तर व्हिसाची फाइल मी पुढे नेणारच नाही, मला भानगड नको. म्हणजे एका शब्दावर नसीमचं जाणं अडणार होतं. मग चाचाने दुसरा रस्ता काढला. "काका, ते सगळं सोडा. जन्म अष्टमीला झाला असं लिवा. सुईण हाय, ती कागद करून देईल. पोरगी आमचीच हाय ना?"

"आहे," काका म्हणाले. "पण जन्मली तिथे."

"माणूस तिकडे मरतोय, आणि तुमी!"

"मला दोन दिवस द्या. एक जुनी ओळख आहे, पासपोर्टच्या कामातली. समक्ष विचारून येतो." आणि नसीमकडे बघून, "पोरी, दोन दिवस."

ती उठली. कागद माझ्याकडे ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. टेबल रिकामं. आणि दुपारी नसीमचा फोन. "ताई, डॉक्टर बोलतात विष चढतंय पायात. माझा अर्ज गेला काय गो? गेला काय?" नुसती रडत होती. मी म्हटलं, बघते.

खरं सांगते, त्या क्षणी माझा सगळा राग काकांवर होता. मनात म्हटलं, हा बसलाय भूमिका सांभाळत! एका रकान्यासाठी एका बाईचा जीव टांगणीला लावलाय. मी त्यांचा लिहिलेला कागद काढला आणि भराभर सगळं उतरवलं. देशाचा रकाना आला. रिकामा ठेवून बघितला, पुढे जाईना. मोबाइलवर शहराचं नाव टाकलं. पहिलं जे आलं ते घेतलं. एजंटाचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण वाटलं, आधी पासपोर्ट ऑफिसची तारीख तर मिळू दे, खिडकीवर बदलून घेतील, कोण एवढं बघतंय. बटण दाबलं. परवाची तारीख मिळाली. मी नसीमला फोन केला तेव्हा ती मला इतके आशीर्वाद देत होती की मला माझाच अभिमान वाटला.

गुरुवारी काका आले, दमलेले, पण खूश. "विचारून आलो. वकिलातीचा कागद जोडायचा आणि त्यात आहे तेवढंच छापा असा विनंतीअर्ज द्यायचा. खिडकीवरचा माणूस वर विचारेल, पण होतं. अर्ज कुठे आहे?"

"गेला," मी म्हटलं. "उद्याची तारीख आहे."

"आणि देशाचा रकाना?"

"तो नंतर भरला तरी चालतो म्हणे."

हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. ते म्हणाले, "बरं." इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा स्क्रीन बघायला मागितली नाही. विनंतीअर्ज लिहून दिला, नसीमच्या कागदांना टाचणी लावली.

शुक्रवारी चार वाजता नसीम आणि चाचा परत आले ते रिक्षातून उतरतानाच चाचाचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू येत होता. खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला, त्यात देश लिहिलेला. वकिलातीचा कागद वाचला, त्यात देश नाही. विनंतीअर्जात लिहिलं की देश लिहू नका. त्याने फाइल बाजूला ठेवली. दोन कागद दोन गोष्टी सांगतात, खुलासा आणा, तोवर काही होणार नाही.

"कोणी लिवलं ते?" चाचाने टेबलावर हात आपटला. दौत उडाली, शाई काकांच्या शर्टावर. "आमच्या पोरीच्या कपाळावर ते नाव कोणी लिवलं?"

परत माणसं जमली. या वेळी जास्त. चाचाबरोबर अष्टमीचे चार जण होते. समोरच्या टपरीवरून उतारावाला आणि त्याचे दोस्त उठून आले. आज काहीतरी होणार हे सगळ्यांना कळत होतं. मी दुकानात, कॉम्प्युटरच्या मागे. मनात एकच, की सेवा केंद्राचा आयडी माझ्या नावावर आहे. खोटी नोंद केली म्हणून तक्रार गेली तर आयडी बंद, दुकान बंद. आमच्या घरात चूल पेटते ती या दुकानावर. आणि या माणसांनी दुकानावर दगड घातला तर वेगळंच.

काकांनी प्रिंट हातात घेतली. चष्मा वर केला, कागदाला नाक लावलं. एकदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर मी बोलले असते.

"मी लिहिलं," ते म्हणाले.

सगळे थिजले. चाचासुद्धा. कारण काकांच्या हातून चूक ही गोष्टच कोणी ऐकली नव्हती.

"तुमी?" नसीम म्हणाली. "तुमी तर बोललात लिवणार नाय!"

"चूक झाली. सोमवारी मी स्वतः येतो आणि लिहून देतो." मग उतारावाल्याकडे वळून, "तुम्ही घरी जा. यात तुमचं काही नाही."

मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, तुम्ही मशीन बघा, कागद अडकलाय." मशीन बंद होतं. मी गप्प बसले.

सोमवारी पासपोर्ट ऑफिसात मीही गेले. त्यांना कॉम्प्युटरचं कळत नाही, हे निमित्त. मनात होतं की साहेबापुढे सांगून टाकायचं. तिथे एक बाई अधिकारी होत्या, माझ्याच वयाच्या, करड्या. म्हणाल्या, "लॉगिन तर दुकानाचं दिसतंय. अर्ज कोणी भरला?"

काका म्हणाले, "मजकूर माझा. बाई फक्त बटण दाबतात."

आणि त्यांच्यासमोर बसून त्यांनी लिहिलं, त्याच सुट्या अक्षरात, की सदर अर्जातील देशाची नोंद माझ्याकडून चुकीची झाली असून त्यास अर्जदार अथवा इतर कोणीही जबाबदार नाही. 'इतर कोणीही' लिहिताना पेन जरा थांबलं. बाकी काही नाही. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, हातात पिशवी. नाही बोलले.

"मग आता मी काय लिहू, ते तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. वैतागल्या होत्या. "दोन्हीतलं एक सांगा आणि मोकळे व्हा."

"दोन्हीतलं एक सांगायला मी कोण?" काकांनी तो फाटका कागद पुढे केला. "आपल्याच अधिकाऱ्याने इथे शहर लिहिलं आणि पुढे थांबला. त्याला देशांची नावं येत नव्हती असं नाही."

"ते तेव्हाचं झालं."

"भूमिका बदलल्याचं आमच्या वाचनात नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता हाकलतात. मग त्यांनी फोन उचलला. आम्हाला चार तास बाकावर बसवलं. काकांनी डबा उघडला नाही. नसीम त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला बसली होती. दर थोड्या वेळाने तिचा फोन वाजायचा आणि ती उठून कोपऱ्यात जायची. शेवटी बाई म्हणाल्या, "वर पाठवलंय. येईल ते येईल."

आलं. शुक्रवारच्या त्या दिवसापासून अकराव्या दिवशी नसीमचा पासपोर्ट हातात पडला, आणि त्यात फक्त शहराचं नाव होतं, पुढे काही नाही. एजंटाने चकार शब्द काढला नाही. व्हिसा झाला, नसीम गेली. पण तिकडे पोचली तेव्हा पाय कापून तीन दिवस झाले होते. तो नको नको म्हणत राहिला, आणि मग ताप डोक्यात गेला तेव्हा संमतीच्या कागदावर त्याचा अंगठा उठवून घेतला. जवळ आपलं माणूस नव्हतं. पाय तसाही गेला असता काय, ते डॉक्टरच जाणे. नसीमला तसं वाटत नाही. मलाही नाही वाटत.

काका सोमवारनंतर फक्त एकदा आले, टेबल न्यायला. टेम्पोवाल्याला एक बाजू धरायला लावली. मी म्हटलं, "काका, हे काय करताय? खोटी नोंद तुमची नव्हती." ते म्हणाले, "त्या बाईंपुढे लिहून दिलेला कागद कोणाच्या अक्षरात आहे?" मी रडायला लागले. "रस्त्यात नको," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी पेणला गेले. शेजारी कारखान्यात मूर्तींच्या रांगा वाळत होत्या, आणि काका ओट्यावर परदेशांचं पान वाचत होते. मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगते, अष्टमीला जाऊन सांगते. ते म्हणाले, "तुमचा आयडी गेला असता. घरात चार माणसं आहेत. माझं काय, एक टेबल." "पण तुम्ही माझ्यासाठी का खोटं बोललात?" त्यांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, "त्या दिवशी मी स्क्रीन बघायला मागायला हवी होती. मला तुमच्या तोंडावर दिसलं होतं. मी मागितली नाही." मग उठून आत गेले आणि माझ्यासाठी चहा करून आणला. विचारलं नाही, घेणार का म्हणून.

वर्षभराने नसीम नवऱ्याला घेऊन आली. दुकानात आली ती खजुराचा डबा घेऊन. नवरा कुबड्यांवर, बाहेर पायरीपाशी उभा, वर चढवेना त्याला. ती सांगत होती तिकडचं, आणि मध्येच म्हणाली, "अकरा दिवस ताई. त्या म्हाताऱ्याने माझे अकरा दिवस खाल्ले. रोज नमाजनंतर मी त्याला बद्दुआ दिलीय."

मला सहन होईना. आयडीचं जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं. मी डबा तिच्या हातात परत दिला. "नसीम, तो अर्ज मी भरला होता गो. काका त्या दिवशी रोह्यात नव्हतेच. मी त्यांना न दाखवता बटण दाबलं. मला वाचवायला ते खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, दमल्यासारखी.

"आमी परवा पेणला गेलतो. चाचा घेऊन गेलता. म्हातारा बोलला, दुकानातली बाई माझ्यासाठी खोटं बोलेल, तिचं मन हळवं हाय, तिचं ऐकू नका. अर्ज मीच भरला."

"अगो, ते खोटं बोलतात!"

"ते?" नसीम म्हणाली. "अख्खा बाजार बोलतो, तो माणूस मरेल पण खोटं बोलणार नाय. टेबल गटारात गेला तरी बोलला नाय. तो आता कशाला बोलेल?"

मी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. त्यात होतं सगळं, वार, वेळ, बुधवार दुपार. मी बोट ठेवून ठेवून दाखवलं. तिने तिकडे बघितलंही नाही. डबा परत माझ्या टेबलावर ठेवला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि दाबला.

"तुमचं दिल लई मोठं हाय ताई," ती म्हणाली. "पण त्याच्यासाठी माझ्याशी खोटं नका बोलू. त्याला मी माफ नाय करणार."

आणि नवऱ्याला धरायला पायऱ्या उतरून गेली.